साठवलेली कल्पना तिच्या महिन्याला कशी जोडावी

निंबोळ्या जूनच्या आसपास पिकून गळतात आणि कपाशीला निंबोळी अर्काची गरज पडते ती जुलैअखेरपासून पुढे. अर्क कसा करावा हे सांगणारे व्हिडिओ मात्र आपल्या मोबाईलवर येतात ते फवारणीच्या दिवसांत, म्हणजे झाडाखालच्या निंबोळ्या पावसाने कुजून गेल्यावर. असा एक व्हिडिओ मी सलग दोन वर्षे ऑगस्टमध्ये जतन केला. दुसऱ्या वर्षी तो यादीत टाकू लागलो तेव्हा तो तेथे आधीपासूनच असल्याचे दिसले, आणि माझ्या लक्षात आले की माझ्याकडे माहितीची उणीव नव्हती. ती माहिती जूनमध्ये माझ्यासमोर येईल अशी व्यवस्था नव्हती.

विदर्भातील आमच्या भागात शेती बहुतांशी कोरडवाहू आहे आणि कामांचे दिवस पाऊस ठरवतो. अशा ठिकाणी इंटरनेटवरून साठवलेल्या कल्पना शेती, आरोग्य, पाककृती, शिक्षण अशा विषयवार कप्प्यांत ठेवल्या, तरी त्या वेळेवर हाती येत नाहीत, कारण पेरणीच्या घाईत कोणीही 'शेती' नावाचा कप्पा उघडून त्यातील दीडशे नोंदी चाळत बसत नाही. विषयाऐवजी महिना हा आधार धरला, आणि तोही कामाचा महिना न धरता तयारीचा महिना धरला, तर त्याच नोंदी उपयोगी पडू लागतात. गेली काही वर्षे मी ज्या पद्धतीने हे करत आहे, ती येथे क्रमाने मांडतो. त्यासाठी साधा स्मार्टफोन, एक वही आणि भिंतीवरची दिनदर्शिका एवढेच साहित्य लागते.

आधी साठा पाहावा

पहिले काम म्हणजे आपण आजवर काय काय ठेवले आहे आणि ते कोठे पडले आहे, हे एकदा पाहून घेणे. बहुतेकांच्या मोबाईलमध्ये हा साठा पाच-सहा ठिकाणी विखुरलेला असतो. व्हॉट्सॲपमध्ये तारांकित केलेले संदेश असतात, स्वतःलाच पाठवून ठेवलेले संदेश असतात आणि गटांमध्ये आलेली पत्रके असतात. यूट्यूबमध्ये 'नंतर पाहा' ही यादी असते. फेसबुक आणि इन्स्टाग्राममध्ये जतन केलेल्या गोष्टींचा स्वतंत्र विभाग असतो. गॅलरीत स्क्रीनशॉट असतात, आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये योजनांची, शासन निर्णयांची व प्रश्नपत्रिकांची पीडीएफ पडलेली असतात.

यासाठी उन्हाळ्यातील दुपार चांगली. एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या तडाख्यामुळे बारा ते चार शेतात जाता येत नाही, आणि खरिपाची तयारीही त्याच काळात डोक्यात घोळत असते. या बैठकीत एकही व्हिडिओ पूर्ण पाहू नये आणि एकही लेख वाचू नये. तसे केले तर दुपार सरते आणि साठा तसाच राहतो. फक्त नाव पाहावे, दुबार आलेले काढून टाकावे, आणि प्रत्येक ठिकाणी अंदाजे किती गोष्टी आहेत तो आकडा वहीत लिहावा. माझा पहिला आकडा चारशेच्या वर गेला होता. त्यातील व्हॉट्सॲपवरची काही छायाचित्रे उघडलीच नाहीत, कारण आली त्या वेळी ती उतरवून घेतली नव्हती आणि बराच काळ गेल्यावर ती मिळेनाशी झाली होती.

तीन प्रश्नांची चाळणी

त्यानंतर प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारावेत: हे काम आमच्या घरातील कोण करणार, ते कोणत्या जागी होणार, आणि त्यासाठी कोणत्या महिन्यात हात घालावा लागणार. तिन्ही उत्तरे अर्ध्या मिनिटात आली, तर ती कल्पना राखावी. एक जरी उत्तर आले नाही, तरी ती बाजूला काढावी. बाजूला काढलेल्या गोष्टींसाठी मी 'पडीत' नावाचा वेगळा कप्पा केला आहे. एका मृगापासून पुढच्या मृगापर्यंत त्या कप्प्यातील ज्या गोष्टीची मला एकदाही आठवण झाली नाही, ती मी पुसून टाकतो. यात वाईट वाटण्याचे कारण नाही, कारण तीच माहिती पुन्हा शोधली तर बहुधा मिळतेच, आणि न मिळाली तरी आपले अडलेले नसते.

या तिघांपैकी 'कोणत्या जागी' या प्रश्नावर सर्वाधिक वेळ द्यावा. विदर्भ म्हणजे एकच माती नव्हे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्याने बोअर खोदून ठिबक बसवण्याची कल्पना कितीही सुबक वाटली, तरी ती जशीच्या तशी उचलता येत नाही. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यातील प्रश्न वेगळे आहेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांचे व मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावांचे गणित आणखी वेगळे आहे. एकाच गावातही भारी काळ्या जमिनीचा शेतकरी आणि बरड, मुरमाड जमिनीचा शेतकरी शेजारी राहतात, आणि एकाला लागू पडणारी गोष्ट दुसऱ्याला नुकसानीत नेऊ शकते. आपल्याला आवडलेले बरेचसे व्हिडिओ बागायती भागात काढलेले असतात. त्यांच्यात दिसणारे हिरवेगार पीक कल्पनेचे किती आणि कालव्याच्या पाण्याचे किती, हे विचारल्याशिवाय ती गोष्ट राखू नये.

घरगुती कल्पनांनाही हेच प्रश्न लागू पडतात. बचत गटातील एखाद्या ताईंनी आवळा कँडीची कृती जतन केली, तर 'कोण करणार' याचे उत्तर गटाच्या बैठकीतच मिळू शकते, आणि 'कोणत्या महिन्यात' याचे उत्तर आवळा बाजारात येतो त्या हिवाळ्यात असते. मात्र ती कँडी विकायची असेल, तर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडील नोंदणी, बरण्या आणि लेबल यांची तयारी दिवाळीपूर्वीच करावी लागते, म्हणजे त्या नोंदीचा खरा महिना सप्टेंबर ठरतो.

एकच जागा आणि पूर्ण नोंद

चाळणीतून उरलेल्या गोष्टी एकाच ठिकाणी आणाव्यात. ती जागा वही असेल किंवा मोबाईलमधील गुगल कीपसारखे नोंदींचे ॲप असेल. पण जागा एकच असावी. ॲपमध्ये प्रत्येक नोंदीला महिन्याचे लेबल लावता येते, शोध घेता येतो, आणि शेतात नेटवर्क नसले तरी मोबाईलमध्ये आधी लिहिलेली नोंद उघडते. वही चिखलात भिजू शकते, पण ती घरातील सर्वांना उघडता येते, आणि ज्यांना मोबाईल हाताळणे जमत नाही अशा वडीलधाऱ्यांना ती वाचून दाखवता येते. मी दोन्ही वापरून शेवटी वही मुख्य ठेवली आणि ॲपमध्ये केवळ तिच्या पानांची छायाचित्रे ठेवली. ज्यांचे टंकलेखन संथ आहे, त्यांनी मोबाईलच्या कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे. बोललेला मजकूर देवनागरीत उमटतो आणि थोड्या दुरुस्तीने नोंद तयार होते. स्क्रीनशॉटमधील मजकूर गुगल लेन्सने उचलता येतो, त्यामुळे लांबलचक पत्रक पुन्हा लिहून काढण्याची गरज राहत नाही.

आपल्याकडे पूर्वी घरोघरी 'बाड' असे. हाताने लिहिलेल्या त्या जुन्या वहीत अभंग, ओव्या, औषधांचे काढे आणि उसनवारीचे आकडे एकत्र नांदत. बाडात जे उतरवले जाई, ते लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने उतरवलेले असे, आणि उतरवता उतरवता त्यातील निम्मे त्याच्या ध्यानात बसे. दुवा जतन करण्यात हे घडत नाही. शिवाय दुवा कायम टिकेल याची शाश्वती नसते. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावर साठवलेले व्हिडिओ लोकांच्या हातून एकाएकी गेले. पॉकेट ही केवळ लेख जतन करण्यासाठीच असलेली सेवा ८ जुलै २०२५ रोजी बंद झाली. म्हणून कल्पना जतन करायची म्हणजे तिचा गाभा स्वतःच्या शब्दांत लिहून काढायचा, असा नियम मी पाळतो. दुवा त्या नोंदीच्या तळाशी असावा, नोंदीच्या जागी नसावा.

नोंदीत काय असावे, हे निंबोळी अर्काच्याच उदाहरणाने सांगतो. माझ्या वहीतील नोंद साधारण अशी आहे:

'५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरड चुरा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा. १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा भिजवावा. सकाळी निंबोळीचे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे, त्यात साबणाचे पाणी मिसळावे आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. त्याच दिवशी, संध्याकाळच्या सुमारास फवारावे. कशासाठी: कपाशीवरील रसशोषक किडी, सुरुवातीच्या अवस्थेत. कोठून: व्हिडिओ, नंतर कृषी सहायकांना विचारून पडताळले. हात घालण्याचा महिना: जून, निंबोळ्या वेचणे व सावलीत वाळवणे. वापरण्याचा महिना: जुलैअखेर ते सप्टेंबर. कोण: वेचणे आई व मुले, फवारणी मी.'

एवढे लिहायला दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ ज्या कल्पनेवर खर्च करावासा वाटत नाही, ती आपण शेतातही करणार नाही, असे मी अनुभवाने समजतो.

व्हिडिओवरून नोंद करताना आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. सांगणारा 'पंपाला इतके मिली' असे म्हणतो, दुसरा 'दहा लिटरला' म्हणतो, तिसरा 'एकरी' म्हणतो. कोणाचा पाठीवरचा पंप १५ लिटरचा असतो, कोणाचा १६ किंवा २० लिटरचा, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला एकरी पाणी बरेच कमी लागते, त्यामुळे द्रावणातील औषधाचे प्रमाण बदलते. प्रमाण लिहिताना ते कोणत्या पाण्यासाठी, कोणत्या पंपासाठी आणि किती क्षेत्रासाठी आहे, या तिन्ही गोष्टी शेजारी लिहिल्याशिवाय तो आकडा नोंदीत घेऊच नये. व्हिडिओ लांब असेल, तर महत्त्वाचा भाग कोणत्या मिनिटाला आहे तेही लिहावे. यूट्यूबच्या ॲपमध्ये काही व्हिडिओ उतरवून ठेवता येतात, मात्र ते चालू राहण्यासाठी अधूनमधून इंटरनेटला जोडावे लागते. शेतात त्यांच्यावर पूर्ण विसंबू नये.

खातरजमा

नोंद लिहिताना तिच्या शेजारी एक चौकोन काढावा आणि पडताळणी झाल्यावरच त्यात खूण करावी. खूण नसलेली नोंद वापरू नये. हा नियम मला या लेखातील सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्यामागे आपल्याच भागातील दुःख आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. अशा घबराटीच्या काळात 'हे आणि ते एकत्र करून फवारा, दोन दिवसांत फरक' असे संदेश वेगाने फिरतात आणि लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात. कीटकनाशकाबद्दल कोणताही संदेश आला, तर डब्यावरील लेबल व पत्रक आधी वाचावे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत तीव्र, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी हिरवा. लेबलवर शिफारस नसलेले मिश्रण केवळ मोबाईलवर वाचून करू नये.

विचारायचे कोणाला, हा प्रश्न आपल्याकडे फारसा अवघड नाही. गावाला सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आहेत, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आणि नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था व केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहेत. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीत विचारता येते. विचारताना 'हा व्हिडिओ खरा आहे का' असे न विचारता आपली जमीन, पीक किती दिवसांचे आहे, कीड किती दिसते आणि नोंदीत लिहिलेले प्रमाण हे सर्व सांगावे. मग उत्तरही नेमके मिळते. मिळालेले उत्तर, ते कोणत्या पदावरील व्यक्तीने दिले आणि त्या दिवसाची तारीख नोंदीखाली लिहावी.

योजनांच्या संदेशांना तारीख नसते, हा त्यांचा मोठा दोष आहे. तीन वर्षांपूर्वीची अनुदानाची जाहिरात आज आल्यासारखी फिरत राहते. अशा संदेशातील दुव्यावर आधार किंवा बँकेचा तपशील भरू नये. महाडीबीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन खात्री करावी, आणि अर्ज सुरू असल्यास अंतिम तारीख लगेच भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावी. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दुहेरी बाणासह 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असे दिसत असेल, तर त्याचा मूळ लेखक शोधणे जवळजवळ अशक्य असते. तो संदेश केवळ सूचना म्हणून घ्यावा आणि माहिती दुसरीकडून मिळवावी.

आरोग्याच्या नुस्ख्यांबाबत मी एवढेच सांगतो की सर्पदंशावरील कोणताही घरगुती उपाय वहीत ठेवू नये. चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे किंवा पाला चोळणे यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. त्या पानावर फक्त १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि सर्पविषावरील लस उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहावे. पावसाळ्यापूर्वी तेथे ती लस आहे का, हे एकदा स्वतः जाऊन विचारून यावे.

बारा महिन्यांत मांडणी

आता पडताळलेल्या नोंदी महिन्यांना वाटायच्या. वहीत प्रत्येक महिन्यासाठी चार-पाच पाने सोडावीत, किंवा ॲपमध्ये बारा लेबले करावीत. नोंद ज्या महिन्यात 'हात घालायचा' आहे, त्या महिन्यात जाते, आणि वापरण्याच्या महिन्यात फक्त एका ओळीची आठवण लिहिली जाते. आमच्या घरातील काही पाने कशी भरली आहेत, ते पाहिल्यास पद्धत स्पष्ट होईल.

मे महिन्याच्या पानावर पहिली ओळ सोयाबीनच्या उगवण चाचणीची आहे. घरचे बियाणे वापरायचे असेल, तर त्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळावेत, गोणपाट ओलसर ठेवावा आणि सहा-सात दिवसांनी किती दाण्यांना सशक्त कोंब आले ते मोजावे. ७० किंवा अधिक आले तर बियाणे वापरण्याजोगे आहे. ही चाचणी मेमध्येच केली, तर बियाणे नापास झाल्यावर दुसरे मिळवायला वेळ उरतो. तीच नोंद जूनच्या पानावर असती, तर दुकानासमोरच्या रांगेत उभे राहताना ती वाचून काही लाभ झाला नसता. जूनच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, तरीही शेजाऱ्याच्या शेतात तिफण दिसली की मन चळते. ती नोंद माहितीसाठी नसून स्वतःला थोपवण्यासाठी आहे, आणि अशा नोंदींनाही वहीत जागा असावी.

गुलाबी बोंडअळीची नोंद तीन पानांवर विभागली आहे. जूनमध्ये कामगंध सापळे आणि ल्यूर (नर पतंगांना ओढणाऱ्या वासाच्या गोळ्या) आणून ठेवण्याची ओळ आहे. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी सापळे शेतात लावायचे असल्याने ऑगस्टच्या पानावर मोजणीचा तक्ता आहे, आणि तेथेच लिहिले आहे की एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग आले, तर उपाय करण्याची वेळ झाली. डिसेंबरच्या पानावर फरदड (हंगाम संपल्यावरही लांबवलेले कपाशीचे पीक) न घेता पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, उपटण्याची ओळ आहे. एकाच व्हिडिओत या तिन्ही गोष्टी सलग सांगितलेल्या होत्या, पण त्यांच्या वेळा सहा महिन्यांवर पसरलेल्या आहेत. कल्पना अशी तोडून लिहिली नाही, तर तिचा पहिला तुकडा तेवढा होतो आणि बाकीचे राहून जातात.

संत्राबागेसाठी बोर्डो मलमाची नोंद दोनदा येते, एकदा पावसाळ्यापूर्वी मेमध्ये आणि एकदा पावसाळा सरताना. प्रमाण दोन्हीकडे पूर्ण लिहिले आहे: १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, खोडाला जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत. 'मागील पान पाहा' असे लिहू नये. चुन्याने भरलेल्या हातांनी मागील पान उलटणे होत नाही. मुलांच्या शिष्यवृत्तीची नोंद एप्रिलच्या पानावर आहे, कारण उत्पन्नाचा दाखला जून-जुलैच्या गर्दीआधी काढलेला बरा.

या मांडणीला जिवंत ठेवण्यासाठी दोन वेळा ठरवाव्यात. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटे नव्या जतन केलेल्या गोष्टी चाळणीतून काढाव्यात, म्हणजे साठा पुन्हा चारशेवर जात नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुढील महिन्याचे पान सर्वांसमोर मोठ्याने वाचावे आणि त्यातील किमान एक व कमाल तीन कामे दिनदर्शिकेवर तारखेसह लिहावीत. तीनपेक्षा अधिक लिहिली की एकही होत नाही, हे मी दोन हंगामांत पाहिले आहे.

थोड्या जागेवर करून पाहणे

पडताळलेली कल्पनाही पहिल्याच वर्षी साऱ्या वावरात लावू नये. पाच गुंठे, किंवा पऱ्हाटीच्या आठ-दहा ओळी, एवढे पुरे असते. निवडलेली जागा वावराच्या मध्यावर असावी, कारण धुऱ्याजवळचे, म्हणजे बांधाजवळचे, पीक सावली, पाणी आणि गुरे यांमुळे वेगळे वागते. तिच्या शेजारच्या तेवढ्याच ओळी नेहमीच्या पद्धतीने ठेवाव्यात आणि दोहोंच्या टोकाला रंगीत कापडाची काठी रोवावी, नाहीतर सप्टेंबरमध्ये कोणत्या ओळी कोणत्या होत्या हे सांगता येत नाही. एका हंगामात एका पिकावर एकच नवी गोष्ट करावी. बियाणे, खत आणि फवारणी तिन्ही बदलले, तर उत्पन्न वाढले तरी श्रेय कोणाचे हे कळत नाही.

खर्च लिहिताना घरच्या माणसांची मजुरीही धरावी. आमच्या गावात एका काकांनी इंटरनेटवर पाहून दशपर्णी अर्क केला आणि तो फुकट पडला असे ते सांगत. पाला गोळा करण्यात आणि महिनाभर ढवळण्यात काकूंचे किती दिवस गेले, हे वहीत लिहिल्यावरच त्यांना दिसले. त्यांनी अर्क सोडला नाही, पण पुढील वर्षी दोन घरांनी मिळून केला.

हंगाम संपल्यावर नोंदीखाली निकाल लिहावा: काय केले, किती झाले, काय अडले, पुढे काय बदलायचे. फसलेली गोष्टही तितक्याच नीटपणे लिहावी, कारण तीन वर्षांनी तोच व्हिडिओ नव्या नावाने समोर येतो आणि आपण तो नव्याने जतन करतो. ही निकालाची ओळ व्हिडिओत कधीच नसते. ती फक्त आपल्या मातीत मिळते, आणि म्हणून वहीतील सर्वांत मौल्यवान मजकूर तोच आहे.

गावात पाच-सात घरे अशी नोंद ठेवू लागली, तर वाचनालयात किंवा बचत गटाकडे एक सामायिक वही ठेवता येते. तीत दुवे चिकटवू नयेत. फक्त करून पाहिलेल्या गोष्टी, जमिनीच्या प्रकारासह आणि निकालासह लिहाव्यात. आमच्या गटात आधी रोज पन्नास संदेश येत आणि कोणी काही विचारले की उत्तर मिळे, 'भाऊ, ठेवला तर होता जी, पण आता सापडत नाही.' सामायिक वही सुरू झाल्यापासून निदान उगवण चाचणी आणि सापळ्यांची मोजणी यांबद्दल ते उत्तर ऐकू येत नाही.

वहीची प्रत मात्र असावीच. दर महिन्याला नव्या पानांची छायाचित्रे काढून गुगलच्या खात्यात ठेवावीत; १५ जीबीपर्यंतची जागा विनामूल्य मिळते आणि वहीच्या पानांना त्यातील फारच थोडी लागते. ते खाते कोणत्या क्रमांकावर उघडले आहे आणि पासवर्ड काय आहे, हे घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे. मोबाईल विहिरीत पडल्यावर पासवर्ड आठवत नसलेली माणसे मी पाहिली आहेत.

माझ्या निंबोळी अर्काच्या नोंदीखाली आज तीन वर्षांचे निकाल आहेत. पहिल्या वर्षी बारा किलो निंबोळ्या वेचल्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत भरल्याने त्यांना बुरशी लागली आणि निम्म्या फेकाव्या लागल्या. दुसऱ्या वर्षी त्या सावलीत पूर्ण वाळवून गोणपाटाच्या पोत्यात टांगून ठेवल्या, आणि ऑगस्टमध्ये दोन फवारण्यांना पुरल्या. तिसऱ्या वर्षी आईने हात घालण्याचा महिना बदलून घेतला: आमच्या बांधावरचा कडुनिंब लवकर पिकतो, तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यापासूनच झाडाखाली जुनी साडी अंथरावी, असे तिने सांगितले, आणि ती ओळ आता मेच्या पानावर आहे.